रोग बापाला आणि औषध लेकराला!

'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' अशी एक जुनी म्हण आपल्याकडे आहे. तीतला वेडेपणा लहान मुलासही कळतो. परंतु बाप दारूच्या व्यसनाने आजारी पडला असता लेकरास घरातून उचलून बालगृहात नेऊन ठेवावयाचे आणि बापास होता तसाच गुत्त्याच्या वाटेवर सोडून द्यावयाचे, हा त्याच म्हणीचा राजमान्य प्रयोग आहे, हे मात्र पुष्कळ शहाण्यासुरत्या लोकांच्याही ध्यानात आलेले दिसत नाही. ह्या गोष्टीकडे आज आम्ही आमच्या वाचकांचे, आणि त्यांतही पेठेतील व्यापारी बंधूंचे, लक्ष मुद्दाम वेधीत आहो. कारण ह्या रोगावरील औषधाची एक मात्रा त्यांच्याच गल्ल्यात आहे, असे पुढे दिसून येईल.

दारूविरुद्धची चळवळ महाराष्ट्रास नवी नव्हे. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी शहरातील दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ साली लोकमान्यांच्या पुढारीपणाखाली पुण्यात गुत्त्यांवर स्वयंसेवक उभे राहिले. १९४९ साली मुंबई सरकारने दारूबंदीचा कायदा केला. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मादक पेयांच्या बंदीचे धोरण घातले गेले. आणि १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या आग्रहावरून दारूबंदी झाली. ह्या सर्व प्रयत्नांविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु त्यांचा मुख्य रोख दुकानावर होता. दुकान उघडे असावे की बंद, हा वाद शंभराहून अधिक वर्षे चालला आहे. पण दुकानातून परत फिरलेला मनुष्य ज्या घरात शिरतो, त्या घरातील लेकरांचे काय होते, हा प्रश्न त्या वादात नेहमी मागेच राहिला.

गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून सिंधूसाठी महाराष्ट्राने किती अश्रू ढाळले, त्याची गणती नाही. सुधाकर हा धंद्याने वकील होता, ही गोष्ट आमच्या व्यवसायबंधूंनी विसरू नये. म्हणजे व्यसन हे केवळ मजुरांच्या वस्तीतले दुखणे आहे, हा भ्रम तरी दूर होईल. परंतु त्या नाटकात दारूच्या धुंदीत सुधाकराच्या हातून एका तान्ह्या मुलाचाही अंत होतो. नाटकगृहातून बाहेर पडणाऱ्यांपैकी किती जणांच्या तोंडी त्या मुलाचे नाव असते? जे रंगभूमीवर, तेच समाजात. पिणाऱ्याची चर्चा होते, त्याच्या पत्नीची कीव होते, आणि लेकरू मात्र कोणाच्या हिशेबात नसते.

हिशेबाचीच गोष्ट निघाली आहे, म्हणून काही आकडे देतो. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीप्रमाणे ज्यांचे पिणे अपायकारक झाले आहे किंवा जे दारूच्या पुरते आहारी गेले आहेत, अशांची संख्या देशात सुमारे ५ कोटी ७० लक्ष आहे. आहारी गेलेल्यांपैकी ३८ जणांत एकासच कोणत्याही प्रकारचा उपचार मिळाला, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक निघाला. क्षयाच्या किंवा मधुमेहाच्या रोग्यांची अशी दशा असती, तर विधिमंडळात गदारोळ झाला असता. व्यसनाबाबत तो होत नाही. कारण आपण त्यास रोग न समजता केवळ दुर्गुण समजतो.

अशा एका घराचे चित्र वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. घर एखाद्या टेम्पोवाल्याचे असेल, गुमास्त्याचे असेल, नाही तर पेढीच्या मालकाचेही असेल. पगाराच्या दिवशी रात्री दारावर थाप पडली की थोरली मुलगी धाकट्या भावंडांस घेऊन शेजारी जाते. सकाळी तीच चूल पेटवते, तीच पाणी भरते, आणि शाळेत तिसऱ्या तासाला तिचा डोळा लागतो. मास्तर विचारतात तेव्हा ती खोटे सांगते. कारण घरची अब्रू राखण्याचे काम त्या दहा वर्षांच्या पोरीने आपल्या शिरावर घेतलेले असते. सर्वांत वाईट हे की, आपण अधिक शहाण्यासारखे वागलो असतो तर बाबा प्याले नसते, असे तिला मनातून वाटत असते. अशा मुलास कोणी तरी मोठ्या माणसाने जवळ बसवून स्पष्ट सांगितले पाहिजे की, बाळ, हा रोग तू आणलेला नाहीस, तो थांबविणे तुझ्या हाती नाही, आणि तो बरा करण्याची जबाबदारीही तुझी नव्हे. एवढे चार शब्दसुद्धा बहुतेक मुलांच्या वाट्यास येत नाहीत.

अशा घराविषयी समाज दोन प्रकारे चुकतो. पहिली चूक, 'ती त्यांच्या घरची बाब आहे' असे म्हणून डोळे मिटून घेण्याची. दुसरी ह्याच्या उलट. एके दिवशी प्रकरण हाताबाहेर जाते, पोलीस येतात, आणि मूल बालकल्याण समितीपुढे उभे केले जाते. तेथून ते बालगृहात जाते. लोक ह्यास अजून 'रिमांड होम' म्हणतात, आणि मुलासही वाटते की गुन्हा आपणच केला! आई एकीकडे, भावंडे दुसरीकडे, शाळा सुटलेली. आणि ज्याच्या रोगामुळे हे सर्व घडले, त्याच्यावर उपचार करण्याचे कोणाच्याच मनात येत नाही.

कायदाच असा आहे, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात जी तत्त्वे सांगितली आहेत, त्यांत मुलाच्या संगोपनाची प्रथम जबाबदारी कुटुंबाची, आणि मुलास संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय, अशी दोन तत्त्वे आहेत. ३७ व्या कलमाप्रमाणे समितीस मूल आईबापांकडे परत देऊन त्या घरावर बालकल्याण अधिकाऱ्याची अथवा समाजसेवकाची देखरेख ठेवता येते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक कायद्याचे १९ वे कलम तर ह्याहून पुढे जाते. मारहाण करणाऱ्या पुरुषासच घराबाहेर राहावयास लावण्याचा अधिकार त्या कलमाने दंडाधिकाऱ्यास दिला आहे. म्हणजे घरातून कोणी जावयाचेच असेल, तर ते लेकराने जावे असे कायदा म्हणत नाही.

पैशाची सोयही अगदीच नाही असे नव्हे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत, कुटुंबात राहणाऱ्या गरजू मुलास दरमहा ४,००० रुपये साह्य देण्याची तरतूद २०२२ पासून आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेची रक्कम २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये झाली आहे. अडचण आहे ती निराळी. बाल न्याय अधिनियमाच्या ४५ व्या कलमात अशा साह्याच्या ज्या कसोट्या दिल्या आहेत, त्यांत विधवा, घटस्फोटित किंवा टाकलेल्या आईची मुले येतात, नातलगांकडे वाढणारी अनाथ मुले येतात, ज्यांचे आईबाप प्राणघातक रोगाने पीडित आहेत किंवा अपघाताने अगतिक झाले आहेत अशी मुले येतात. परंतु व्यसनाने खचलेल्या बापाच्या मुलाचा स्पष्ट उल्लेख नाही. म्हणजे नवरा मेला किंवा सोडून गेला तर आई पात्र. तो घरातच राहून रोज थोडा थोडा मरत असेल आणि घरास मारीत असेल, तर तिच्यासाठी कलमात शब्द नाही! आमचे म्हणणे असे की, ह्या कसोट्या 'समाविष्ट' म्हणून दिलेल्या आहेत, ती बंद केलेली यादी नव्हे. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने दारू व मादक द्रव्ये यांच्या दुरुपयोगाशी निगडित अवस्थांस मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले आहे. संसदेने ज्यास आजार म्हटले, त्यास मदतीच्या वेळी दुर्गुण म्हणण्याचा अधिकार कोणत्याही कचेरीस नाही. सरकारने एक परिपत्रक काढून हा संशय फेडावा.

येथे मातांविषयीही दोन शब्द लिहिणे जरूर आहे. व्यसन पुरुषांतच अधिक आढळते हे खरे, पण काही घरांत आईही त्यात सापडते, आणि लोकलाजेमुळे तिचे दुखणे दुप्पट काळ लपून राहते. मूल काढून घेतील ह्या भीतीने ती उपचारास जात नाही. त्याच २०१७ च्या कायद्याच्या २१ व्या कलमात, उपचार घेणाऱ्या स्त्रीपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः दूर करू नये असे म्हटले आहे, हे किती रुग्णालयांस ठाऊक असेल?

उपचार आणि संगोपन ह्यांची सांगड घालता येते काय, असे विचारणाऱ्यास दोन उदाहरणे देतो. लंडन शहरात २००८ साली न्यायाधीश निकोलस क्रायटन यांच्या पुढाकाराने व्यसनी मायबापांच्या मुलांकरिता एक निराळे न्यायालय सुरू झाले. तेथे आरंभापासून शेवटपर्यंत एकच न्यायाधीश. दर पंधरवड्यास तो आईबापांस समोर बसवून, मध्ये वकील न घालता, काय सुधारले आणि काय बिघडले ते विचारतो. वैद्य व समाजसेवक त्याच न्यायालयाशी जोडलेले असतात. आणि सुधारणेस मुदत असते. ब्रुनेल विद्यापीठाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत असे आढळले की, ह्या न्यायालयापुढील मातांपैकी शेकडा ४० जणींचे व्यसन प्रकरण संपेपर्यंत सुटले होते; नेहमीच्या न्यायालयांतून हेच प्रमाण शेकडा २५ होते. मध्ये वकील नसल्याने काम बरे चालले, हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. पण जे खरे ते लिहिलेच पाहिजे.

दुसरे उदाहरण घरचे आहे. पुण्यास १९८६ साली डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साह्याने, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काढले. व्यसनी मनुष्य हा रोगी आहे, आणि त्याच्याबरोबर त्याची पत्नी व मुलेही त्या रोगाने पिळून निघालेली असतात, म्हणून औषध सर्वांनाच द्यावयाचे, ह्या समजुतीवर तेथील काम उभे आहे. आम्ही मागतो ते एवढेच की, बालकल्याण समितीचे दार आणि व्यसनमुक्ती केंद्राचे दार ह्यांच्यामध्ये एक पक्की वाट असावी. समितीने मूल देखरेखीखाली घरी पाठविताना त्याच आदेशात बापाच्या उपचाराची, आईच्या साह्याची व पुढील तारखेची नोंद करावी, आणि त्या तारखेस तेच सभासद समोर असावेत.

ह्यावर दोन आक्षेप येतील. एक असा की, व्यसनी घरास पैसे देणे म्हणजे गुत्त्यास पैसे देणे. पैसे आईच्या ताब्यातील खात्यावर जावेत आणि देखरेख असावी, म्हणजे ही भीती उरत नाही. दुसरा असा की, हे लोक सुटतात आणि पुन्हा पितात. पितात खरे. मधुमेहाचा रोगीही पथ्य मोडतो. म्हणून कोणी त्याचे औषध बंद करीत नाही. मात्र एक मर्यादा आम्ही स्पष्ट सांगून ठेवतो. ज्या घरात मुलाच्या जिवास किंवा अब्रूस धोका आहे, तेथून त्यास तत्काळ हलविलेच पाहिजे. बापाच्या सुधारणेची वाट पाहत मुलाचा बळी देणे ही दया नव्हे. आमचा विरोध हलविण्यास नाही. हलवून विसरण्यास आहे.

आता व्यापारी बंधूंकडे वळतो. आपल्या पेढीवरील नोकर पितो हे आपणांस बायकोच्या खालोखाल आधी कळते. पगाराच्या आदल्या दिवशी तो उचल मागतो, आणि आपण भिडेस्तव देतो. ती उचल रोख न देता किराणा आणि शाळेची फी ह्या रूपाने द्यावी. त्याच्या राजीखुशीने पगाराचा काही भाग पत्नीच्या खात्यावर टाकावा. निवासी उपचारास महिना-दीड महिना लागतो. तेवढे दिवस त्याची जागा राखून ठेवावी, कारण नोकरी जाईल ह्या भयाने पुष्कळ लोक उपचार टाळतात. पत्नीस देण्याची ठरलेली रक्कम नवऱ्याने चुकविली, तर ती त्याच्या पगारातून परस्पर देण्याचा हुकूम दंडाधिकारी २००५ च्या कायद्याच्या २० व्या कलमाने मालकास करू शकतो. तसा हुकूम आल्यास तो संकट न समजता कर्तव्य समजून पाळावा. अचानक दारू तोडल्याने झटके व भ्रम होऊन जिवावर बेतू शकते, म्हणून 'कोंडून ठेवा, सुटेल' असा सल्ला कोणी देऊ नये, डॉक्टरांकडे न्यावे. व्यसनमुक्तीची माहिती १४४४६ ह्या क्रमांकावर मिळते, आणि संकटात सापडलेल्या मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे. स्त्रिया व मुले यांस सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने आहे. जिल्हा न्यायालयात त्याची कचेरी आहे.

अबकारी कराचा मोठा ओघ दरसाल सरकारी तिजोरीत जातो. त्या प्रत्येक रुपयात कोणा तरी लेकराच्या दुधाचा, वहीचा किंवा झोपेचा अंश असतो. तो सर्व परत द्या असे आम्ही म्हणत नाही. त्यातील एक ठराविक हिस्सा ह्या मुलांच्या संगोपनासाठी आणि त्यांच्या आईबापांच्या उपचारासाठी राखून ठेवावा, एवढीच मागणी करतो. ही मागणी आमदारांच्या कानी घालणे हे मतदारांचे काम आहे, आणि शेजारच्या घरी मध्यरात्री दार वाजल्यावर आपले दार त्या मुलांसाठी उघडणे हे शेजाऱ्याचे. पहिल्या कामास वर्षे लागतील. दुसरे आज रात्रीपासूनच करता येण्यासारखे आहे.