हात दाखवून अवलक्षण?

"मॅडम, बोट नीट ठेवा."

"नीटच ठेवलंय."

"मग पुसून ठेवा."

ओढणीला पुसलं, पुन्हा ठेवलं. यंत्रावर पुन्हा लाल दिवा. अंगठा झाला, तर्जनी झाली, डावा हात झाला. मागे रांग वाढत होती. शेवटी प्रवेश परीक्षेच्या केंद्रावरच्या त्या दादांनी माझं बोट स्वतःच धरून दाबायला हात पुढे केला, बोटाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "हे काय झालंय? लागत नाही ना कुणाला?"

रजिस्टरमध्ये सही घेऊन मला आत सोडलं. पेपर ठीक गेला. पण आज त्या दिवसाचं काही आठवत असेल, तर एकही प्रश्न नाही. तो मागे गेलेला हात तेवढा आठवतो.

माझ्या बोटांना झालं होतं ते असं. आधी दोन बोटांच्या मधल्या बाजूला खाज सुटते. दुसऱ्या दिवशी तिथे बारीक, पाणी भरलेले फोड दिसतात, अगदी भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. आठवडाभर ते खाजतात, मग सुकतात आणि त्या जागेची सालं निघायला लागतात. खाली गुलाबी, कोवळी, चुरचुरणारी कातडी. दोन-तीन आठवड्यांत सगळं ठीक. आणि 'सुटलो बाबा' म्हणावं तर महिन्याभरात पुन्हा पहिल्यापासून सुरू. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून हे चक्र चालू आहे.

'उष्णता आहे, दुसरं काय!'

हाताचं दुखणं लपवता येत नाही, हा त्यातला खरा वैताग. पाठीवर पुरळ आलं तर कुणाला कळत नाही. हात मात्र झेरॉक्सच्या दुकानात, बसमध्ये, तोंडी परीक्षेला सगळीकडे पुढे करावाच लागतो. मेसमध्ये लिंबू पिळलं की ब्रह्मांड आठवायचं, म्हणून मी वरण-भातही चमच्याने खायला लागले. मैत्रिणींना वाटलं, पुण्यात आल्यावर हिची नाटकं वाढली. कॉलेजच्या पारंपरिक दिनाला कुणी फुगडीसाठी हात पुढे केला की मी "पाय मुरगळलाय" म्हणून बाजूला व्हायचे. पाय ठणठणीत होता.

आणि हात दिसला की सल्ले सुरू. आजी म्हणाली, उष्णता आहे, सब्जा घे. मावशी म्हणाली, रक्तात दोष आहे, आंबट बंद कर. कुणी कडुनिंबाच्या पाल्याने हात धुवायला सांगितले, कुणी डेटॉलने. रूममेटने काही सांगितलं नाही, फक्त तिचा टॉवेल माझ्या टॉवेलपासून लांब वाळत घातला. 'हात दाखवून अवलक्षण' ही म्हण आपल्याकडे ज्योतिषासाठी आहे म्हणतात. मला ती पाठ झाली ती अशी.

मग सगळे करतात तेच मी केलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये बोटं दाखवली. काकांनी न बघताच एक ट्यूब काढून दिली. जादूच! तीन दिवसांत खाज गायब. पंधरा दिवसांनी फोड परत आले, ट्यूबही परत आली. असं वर्षभर चाललं. दर वेळी ट्यूब लवकर संपायची आणि फोड जास्त जोरात यायचे. बोटांची कातडी इतकी पातळ झाली की वहीचं पान उलटताना चिरायची.

त्या ट्यूबमध्ये एक जोरदार स्टेरॉइड, एक बुरशीवरचं औषध आणि एक अँटिबायोटिक असं तीन-एक मिश्रण होतं. थोडक्यात, काय झालंय हे न बघता सगळ्यावर एकदम मारायचा दगड. स्टेरॉइडमुळे सूज आणि खाज झटकन बसते, म्हणून आपल्याला वाटतं, बरं झालं. पण ते मनाने, महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, आणि मुळात बुरशी असेल तर ती आतल्या आत पसरते. हे प्रकार इतके वाढले की देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध मोहीम उघडली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा स्टेरॉइड क्रीमच्या विक्रीचे नियम कडक केले. चिठ्ठीशिवाय ती मिळायला नकोत. मला मात्र मिळत राहिली, आणि मीही मागत राहिले.

बाकावरचे हात

शेवटी एका सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात गेले. केसपेपर काढून बाकावर दोन तास बसावं लागलं आणि तिथे पहिल्यांदा मी दुसऱ्यांचे हात नीट पाहिले.

एक गवंडी काका होते, तळहाताला खोल भेगा. सिमेंटमध्ये क्रोमियमची संयुगं असतात, ती कित्येक गवंड्यांना बाधतात. पार्लरमध्ये काम करणारी एक ताई होती. केस काळे करायच्या डायमधलं रसायन तिच्या बोटांवर उठत होतं. बाजारातल्या झटपट रंगणाऱ्या 'काळ्या मेंदी'तही बऱ्याचदा हेच रसायन मिसळलेलं असतं, हे मला तिथेच कळलं. शेतावर काम करणारे एक आजोबा काँग्रेस गवताने हैराण होते. या गवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५६ मधली आणि तीही आपल्या पुण्यातली! आणि एक मावशी खानावळीत रोज किलोकिलोने लसूण सोलायच्या. त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोनच बोटं फाटली होती. उजव्या हातात सुरी, डाव्या हाताच्या तीन बोटांत लसूण. हातानेच चोर दाखवला होता.

माझा प्रश्न लिंबू आणि फुगडीचा होता. या लोकांचा पोटाचा होता. "काम सोडा म्हणतात हो डॉक्टर," त्या मावशी म्हणाल्या, "सोडून काय करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गुलाबी झालेला कापूस

डॉक्टर मॅडमनी आधी चपला काढायला सांगितल्या. मी हात दाखवायला आले होते, त्यांनी पाय पाहिले. कधी कधी पायाच्या बोटांत बुरशी असते आणि तिची प्रतिक्रिया म्हणून हातावर फोड येतात. मग विचारलं, रात्री खाज वाढते का, घरात आणखी कुणाला आहे का? म्हणजे खरूज नाही ना, याची खात्री. मग बोटावरची साल खरवडून काचपट्टीवर घेतली आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बुरशी नव्हती.

"हा हाताचा इसब आहे," त्या म्हणाल्या. "कुणाला लागत नाही." हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

या साबुदाणा-छाप इसबाला डॉक्टरांच्या भाषेत 'पॉम्फोलिक्स' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडबुडा. दुसरं नाव 'डिसहायड्रोसिस'. ते टिलबरी फॉक्स या लंडनच्या डॉक्टरने १८७३ मध्ये दिलं. त्याला वाटलं, घामाच्या ग्रंथी तुंबून हे फोड येतात. पुढे लक्षात आलं की ग्रंथींमध्ये तसा बिघाड नसतोच. अंदाज चुकला, नाव मात्र राहिलं. तळहाताची कातडी जाड असल्यामुळे आतलं पाणी सहज बाहेर येत नाही, म्हणून ते फोड खोल रुतलेल्या साबुदाण्यासारखे दिसतात, एवढंच.

मग कारण काय? मी केमिस्ट्रीची विद्यार्थिनी, मला कारण हवंच होतं. मॅडमनी माझ्या मनगटातल्या ऑक्सिडाइज्ड कड्यांकडे बोट दाखवलं. कड्यांखाली लालसर पट्टा उठला होता. "निकेल असेल. तुमच्या लॅबमध्ये डीएमजी असेल ना?"

असतं की! निकेलच्या क्षाराला अमोनिया आणि डायमिथिलग्लायॉक्झिम मिळालं की गुलाबी-लाल साका पडतो, हे सॉल्ट अ‍ॅनालिसिसमध्ये आपण घोकलेलं असतं. त्वचारोगतज्ज्ञ दागिन्यांची परीक्षा याच क्रियेने करतात. सरांची परवानगी घेऊन मी कापसाच्या बोळ्यावर दोन्हीचे थेंब घेतले आणि कड्यावर घासले. कापूस गुलाबी झाला. तीन वर्षं मार्कांसाठी केलेली टेस्ट पहिल्यांदा स्वतःसाठी केली.

डिसेंबरमध्ये पॅच टेस्टही झाली. पाठीवर संशयित पदार्थांचे छोटे ठिपके चिकटवतात, दोन दिवस ठेवतात आणि काढल्यावर एकदा, मग पुन्हा दोन दिवसांनी बघतात. या अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया एक-दोन दिवस उशिरा येते, म्हणून थांबावं लागतं. आणि म्हणूनच घरच्या घरी कारण सापडत नाही. सोमवारी हात लावलेला असतो, फोड बुधवारी येतात आणि आपण बुधवारच्या वडापावला दोष देतो. दोन दिवस पाठ भिजू द्यायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही, म्हणून थंडी बरी. निकालात निकेलचा ठिपका लाल उठला होता.

केस सुटली! कडी काढून टाकली, मनगटावरचा पट्टा गेला. घरी फोन करून सांगितलंही, "चोर सापडला." फेब्रुवारीत प्रॅक्टिकल परीक्षेच्या चार दिवस आधी बोटांवर पुन्हा साबुदाणा उठला.

मी रडवेली होऊन ओपीडीत गेले. मॅडम म्हणाल्या, "निकेल हे मनगटाचं कारण होतं. बोटांचं कारण एकच असेल असं कुणी सांगितलं?" अनेकांना या इसबाचं एक ठाम कारण सापडतच नाही. आधीपासून संवेदनशील कातडी, त्यात घाम, साबण, सतत ओले हात, ताण. एकेकटं काही करत नाही, पण दोन-तीन एकत्र आले की भडका. "ताणाने होतं म्हणजे मनाचे खेळ आहेत असं नाही," त्या म्हणाल्या. "फोड खरेच आहेत."

मला आधी हे उत्तर पळवाट वाटलं. नंतर त्यातच सुटका आहे हे कळलं. चोर पकडण्याच्या नादात मी दोन वर्षं आज टोमॅटो बंद, उद्या दही बंद, परवा नवीन साबण असं करत होते. आता चोराच्या मागे धावणं सोडलं आणि दाराला कडी लावायला शिकले.

कडी कशी लावायची?

मॅडमनी सांगितलेलं आणि अनुभवाने पक्कं झालेलं, एवढंच:

तळहाताला तेलग्रंथी नसतात. त्यामुळे दर वेळी हात धुतले की पुसून लगेच जाडसर, बिनवासाचं मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली. माझी छोटी डबी अ‍ॅप्रनच्या खिशात असते.

गरम पाणी नको, कोमट बास. भांडी, कपडे, फिनेल यासाठी रबरी हातमोजे आणि त्यांच्या आत सुती मोजे. नुसत्या रबरात घाम साचून उलटंच होतं. धुताना अंगठी काढायची, तिच्याखाली साबण अडकतो.

खाज सुटली की नखं नाही, गार पाण्याची घडी. फोड फोडायचे नाहीत. पू, ताप किंवा पसरत जाणारी लाली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि हो, मॅडमनी मलाही स्टेरॉइडचंच मलम दिलं. फरक एवढाच की कुठलं, किती दिवस आणि कधी थांबायचं हे चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढायची, ती एका हाताच्या दोन्ही बाजूंना पुरते. औषध तेच, पण आता त्याला हिशेब आहे.

मोबाइलमध्ये एक नोंदही ठेवते. वर्षभराची नोंद वाचली तर दिसतं: ऑक्टोबर हीट, सबमिशनचा आठवडा, दिवाळीची साफसफाई. आता सबमिशनच्या आधीच मी डबी भरून ठेवते. फोड अजूनही येतात, पण वर्षातून तीनदा-चारदा, आणि आले तरी मी घाबरत नाही.

परवा पुन्हा एका परीक्षा केंद्रावर रांगेत होते. नंबर आल्यावर आधीच सांगितलं, "माझ्या बोटांची सालं निघतात, ठसा उमटणार नाही. लागत नाही कुणाला. फोटो काढून सही घ्या." त्यांनी घेतली. दोन मिनिटांचं काम.

आणि गेल्या आठवड्यात लॅबमध्ये पहिल्या वर्षाची एक मुलगी ब्युरेट भरायचं सोडून हात अ‍ॅप्रनच्या खिशात घालून उभी होती. मी विचारलं, काय झालं?

"काही नाही ताई, उष्णता आहे."

मी माझे दोन्ही हात तिच्यासमोर उघडे धरले. ती बघत राहिली. मग तिने खिशातून एक हात बाहेर काढला. "तुम्हालाही?"

"मलाही. ट्यूब कुठली लावतेस, ते आधी सांग."