विषाणू मेला, पण पेशी जगली का?

सकाळी ८:३०
प्रयोगशाळेत आल्यावर आधी इनक्युबेटर बघते. एकात ३७ अंशांवर मानवी यकृताच्या हूह-७ पेशी, दुसऱ्यात २८ अंशांवर डासाच्या सी६/३६. डेंग्यूचा विषाणू आम्ही डासाच्या पेशींत वाढवतो. या पेशींचं मूळ पुण्याचं. १९६७ साली इथल्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या एनआयव्हीत, के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस या डासाच्या अळ्यांपासून पेशी वाढवल्या. पुढे १९७८ मध्ये जपानच्या इगाराशींनी त्यांतूनच सी६/३६ निवडल्या. आज जगभर त्या वापरल्या जातात, याचा मला अभिमान वाटतो.

१०:००
मागच्या आठवड्यात हूह-७ पेशींना विषाणू आणि नव्या औषधाचे वेगवेगळे डोस दिले होते; त्यांच्यावरचं द्रव दुसऱ्या पेशींवर घालून लावलेल्या प्लाक प्लेट्स आज रंगवल्या. क्रिस्टल व्हायोलेट ओतून धुतलं की जिवंत पेशींचा थर जांभळा दिसतो आणि विषाणूने मारलेल्या जागी पांढरी वर्तुळं, म्हणजे प्लाक, उरतात.

“ताई, सगळ्यात मोठ्या डोसला एकही प्लाक नाही!” नुकतीच पीएचडीला लागलेली मुलगी हरखून म्हणाली.

“त्या डोसला हूह-७ जिवंत होत्या का, ते आज कळेल,” मी म्हटलं.

आमच्या कामातला खरा प्रश्न हाच. डेंग्यूच्या विषाणूची स्वतःची प्रथिनं जेमतेम दहा. बाकी सगळं तो आपल्या पेशीकडून करवून घेतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी क्रिस्पर या तंत्राने पेशीतलं एकेक जनुक बंद करून पाहिलं. प्रथिनांना साखरेची साखळी जोडणारं ओएसटी हे यंत्र बिघडवलं की डेंग्यूची वाढ खुंटते, असं त्यांना आढळलं. विषाणूला लागणारं पेशीतलं असं प्रथिन रोखता आलं तर डेंग्यूचे चारही प्रकार एकाच औषधाने अडवता येतील, शिवाय स्वतःत बदल करून निसटणं विषाणूला अवघड जाईल. पण चोर उपाशी राहावा म्हणून चूल विझवली, तर घरचेही उपाशी राहतात.

१:००
डबा खाताना सेल्गोसिव्हिरचा विषय निघाला. पेशीतल्या ग्लुकोसिडेज या प्रथिनाला रोखणारं हे औषध उंदरांत चांगलं चाललं होतं. सिंगापूरमध्ये ५० रुग्णांवर चाचणी झाली, २०१४ मध्ये निष्कर्ष आले: औषध सुरक्षित, पण ताप आणि रक्तातला विषाणू लक्षणीय कमी झाला नाही. मला ती चाचणी वाया गेली असं वाटत नाही. पेशीच्या प्रथिनावर नेम धरणारं औषध डेंग्यूच्या रुग्णाला सुरक्षितपणे देता येतं, हे तिने दाखवलं.

२:००
औषधाचे तेच डोस दिलेल्या, पण विषाणू न घातलेल्या हूह-७च्या प्लेटमध्ये एमटीटी घातलं. हे पिवळं द्रव्य जिवंत पेशी जांभळं करतात. त्याला काही तास लागतात. तेवढ्यात उद्याच्या पेशी लावून झाल्या.

६:००
रीडरमधून आकडे आले. सगळ्यात मोठ्या डोसला बहुतेक पेशी मेलेल्या. म्हणजे सकाळचं ते शून्य औषधाचं यश नव्हतं. मुलीचा चेहरा उतरला. पण खालच्या दोन डोसना पेशी धडधाकट आहेत आणि प्लाकही निम्म्याहून कमी. तेच दोन डोस घेऊन उद्या डेंग्यूच्याच कुळातल्या झिका विषाणूवर प्रयोग लावायचा.

रुग्णाच्या रक्तातला विषाणू ताप उतरेपर्यंत बहुतेक ओसरलेला असतो, त्यामुळे असं औषध आलं तरी ते पहिल्या एकदोन दिवसांतच द्यावं लागेल. आज डेंग्यूवर मान्यताप्राप्त विषाणूरोधक औषध नाही. पावसाळ्यात ताप आला तर लगेच तपासणी करून घ्या, ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका, आणि ताप उतरताना पोट दुखू लागलं किंवा उलट्या थांबेनात, तर थेट रुग्णालय गाठा.