पन्हाळ्याची सज्जा कोठी

अमेरिकेतील बोस्टन शहरी १८५१ साली बांधलेला, क्रूसाच्या आकाराचा पाषाणी तुरुंग २००७ पासून आलिशान हॉटेल म्हणून नांदतो आहे. आणि कैदखान्याचे असे विलासगृह झाल्याचे ऐकले की आम्हा कोल्हापूरकरांचे मन, नेमके उलट्या क्रमाचे प्राक्तन लाभलेल्या पन्हाळगडावरील सज्जा कोठीकडे धावते. आदिलशाही अमदानीत, गडाच्या तटावर, खालच्या खोऱ्याचा विस्तार न्याहाळता यावा अशा बेताने उभारलेली ही दुमजली, हवेशीर इमारत, मोगल सरदार दिलेरखानाच्या गोटातून १६७९ च्या अखेरीस परतलेल्या संभाजीराजांच्या नजरकैदेचे स्थान ठरली, असे परंपरा सांगते. १६८० च्या जानेवारीत पितापुत्रांची गडावर भेट झाली. एप्रिलमध्ये शिवछत्रपतींचे रायगडी निधन झाले तेव्हा युवराज पन्हाळ्यावरच होते, आणि किल्ल्याचा बंदोबस्त स्वहस्ते घेऊन त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे येथूनच हाती धरली. कोल्हापुरात रंकाळा तलावाकाठच्या शालिनी पॅलेसमध्ये पुढे हॉटेल निघाले, ते त्या राजवाड्याला शोभलेही. सज्जा कोठीला मात्र पलंग, पडदे आणि भोजनगृह मुळीच नकोत, तिच्या भिंतींची निगा राखली जावी आणि येणाऱ्यास हा इतिहास सांगणारा जाणता माहितगार तेथे असावा, एवढीच माझी कळकळीची मागणी आहे.