गल्लीचा प्रकल्प जोखायचा कसा? (लेखांक ६)

ओल्या कचऱ्याचे खत वस्तीतच कसे करता येते, हे मागच्या लेखांकात पाहिले. त्यापुढचा प्रश्न बहुतेक ठिकाणी विचारलाच जात नाही: हा प्रकल्प यशस्वी झाला, हे ठरवायचे कशावरून? वार्षिक सभेतल्या अहवालात किती डबे वाटले, किती शिबिरे भरवली, किती रोपे लावली याची यादी असते. ती कामाची नोंद आहे, परिणामाची नाही. माझ्या मते रहिवाशांनी चालवलेल्या कचरा प्रकल्पाची पहिली कसोटी एकच आहे: वस्तीच्या फाटकाबाहेर जाणारा मिश्र कचरा किती किलोने घटला आणि ती घट किती वर्षे टिकली?

मुंबईचा अनुभव हेच सांगतो. १९९७ मध्ये महापालिकेने अॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, म्हणजे एएलएम, ही योजना सुरू केली. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांचे काम तिच्या मुळाशी होते. घरातच ओला-सुका कचरा वेगळा करायचा, ओल्याचे खत परिसरातच करायचे, सुका कचरावेचकांकडे द्यायचा आणि विभाग कार्यालयाने या कामाला साथ द्यायची, अशी ही रचना. पाहता पाहता शेकडो गटांची नोंद झाली. पण पुढे त्यातले अनेक गट थंडावले, तर काहींचे लक्ष पार्किंग आणि फेरीवाल्यांच्या प्रश्नांकडे वळले. देवनारच्या कचराभूमीवर मिश्र कचरा पडतच राहिला. जानेवारी २०१६ मध्ये तिथे भडकलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला. यावरून एएलएम फसली असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल, कारण ज्या गल्ल्यांनी नेटाने काम केले तिथे फरक पडलाच. मात्र तो किती पडला, हे नोंदलेल्या गटांच्या संख्येवरून कधीच कळले नसते.

मोजणीला महागडी यंत्रे लागत नाहीत. एक वजनकाटा आणि एक वही पुरते. समजा, १०० घरांच्या सोसायटीत रोज २०० किलो कचरा निघतो आणि त्यातला ११० किलो ओला आहे. खतखड्ड्यात रोज ४० किलो जात असेल, तर ‘आम्ही ओला कचरा जिरवतो’ हे विधान खोटे नाही. पण ७० किलो अजून घंटागाडीतच पडतो आहे, हे त्यातून झाकले जाते. म्हणून प्रकल्प सुरू होण्याआधी निदान एक आठवडा रोजचे वजन टिपून ठेवायला हवे. तुलना करायची ती मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी, कारण आंब्याच्या दिवसांत साली-कोयींनी आणि पावसाळ्यात ओलाव्याने वजन वाढते. जवळच्या, प्रकल्प नसलेल्या गल्लीचेही वजन घेता आले तर उत्तम. दोन्हीकडे सारखीच घट दिसली, तर श्रेय प्रकल्पाचे नाही, दुसऱ्या कशाचे तरी आहे. खताचा दर्जाही पाहावा. हवा न खेळलेल्या ढिगात कचरा कुजून दुर्गंधी सुटते, मिथेन तयार होतो आणि पर्यावरणासाठी उभारलेला खड्डाच प्रदूषण करू लागतो.

या हिशेबात माणसेही धरली पाहिजेत. सोसायटीने सुका कचरा परस्पर भंगारवाल्याला विकून निधी उभा केला, तर ताळेबंद चांगला दिसतो. पण त्याच भंगारावर पोट असलेल्या कचरावेचक बाईची कमाई जाते. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने याच्या उलट वाट दाखवली आहे. तिचे सभासद दारोदार कचरा गोळा करतात, घरांकडून सेवाशुल्क घेतात आणि विकाऊ कचऱ्याचे उत्पन्नही त्यांच्याच हाती राहते. शहराचा कचरा वर्षानुवर्षे झेलणाऱ्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांचा भार किती हलका झाला, हाही याच हिशेबाचा भाग आहे.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की हे स्वयंसेवकांचे काम आहे, आकडे मागितले तर उत्साह मावळेल. पण पहिल्या वर्षीचा जोम ओसरल्यावर आपल्या श्रमांचे फळ दिसत नाही, तेव्हाच स्वयंसेवक गळू लागतात. वहीतला उतरता आकडा त्यांना धरून ठेवतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शेजाऱ्यांची झालेली ओळख आणि मुलांना लागलेली सवय वजनकाट्यावर कशी यायची? ती येत नाही, हे मान्य. तिची नोंद वेगळी, शब्दांत ठेवावी. घटलेल्या किलोंच्या जागी ती मांडू नये. तिसरा आक्षेप महापालिकेच्या गाडीचा. आम्ही वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होतो, मग दोष आमचा कसा? तो रहिवाशांचा नाहीच. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वर्गीकरणाची जबाबदारी रहिवाशांवर टाकली, तसे वेगळा केलेला कचरा वेगळाच नेणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य ठरवले. पण ही तक्रार सिद्ध करायलाही रोजच्या नोंदींची वहीच लागते. आकडे हाती असलेल्या वस्तीला विभाग कार्यालय सहजासहजी परतवू शकत नाही.

म्हणून तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत एवढाच ठराव मांडा: वर्षभर दर महिन्याचा एक आठवडा कचरा वजन करायचा आणि आकडे, चांगले असोत वा वाईट, सूचनाफलकावर लावायचे. आपल्या प्रकल्पाबद्दल खरे बोलण्याची सुरुवात तिथूनच होईल.