वारीच्या ट्रॉलीत संडास बसवताय? आधी हे बघा
वारीसाठी घरीच ट्रॉलीवर ताडपत्री ठोकून मुक्कामाची सोय करणारे बरेच आहेत. संडासाचं मात्र कुणी बघत नाही. मग रात्री बाहेर जायला नको म्हणून बायका अन् म्हातारी माणसं पाणीच कमी पितात, आणि लघवीची जळजळ मागं लागते.

विकतच्या पोर्टेबल संडासाला वर पाण्याची, खाली मैल्याची टाकी असते. मोठी टाकी घेऊ नका. २० लिटर भरली की वजन २० किलोच्या वर, उचलणार कोण? ती शौचालयातच रिकामी करायची.

स्वस्तात झाकणाची बादली, वर सीट, दरवेळी भुसा नाहीतर राख. लघवी वेगळ्या डब्यात धरली तर वास बराच कमी येतो. बादली पट्ट्यानं आवळा, नाहीतर पहिल्याच गचक्याला आडवी! भुशाचा मैला शौचालयात ओतला तर भांडं तुंबतं. तो ओढ्या-विहिरीपासून लांब, खड्डा काढून पुरा.