केव्हिनचं घर कितीला गेलं?

‘होम अलोन’मधलं केव्हिनचं लाल विटांचं घर आठवतंय? ते खरंखुरं आहे. शिकागोजवळ, मिशिगन सरोवराकाठच्या विनेटका या उपनगरात. १९९०च्या सिनेमाने ते जगभर फेमस केलं. तरीही २०११मध्ये २४ लाख डॉलरला विकायला काढलेलं हे घर २०१२मध्ये १५.८५ लाखांनाच गेलं. पुढे त्याचं नूतनीकरण झालं, बांधकाम वाढलं आणि २०२५मध्ये ५५ लाख मिळाले. म्हणजे नुसत्या प्रसिद्धीवर भाव ठरत नाही!

गंमत म्हणजे आतले बरेचसे सीन एका बंद झालेल्या शाळेच्या जिममधल्या सेटवर शूट झाले. आपल्या आठवणीतलं बरंचसं घर त्या भिंतींआड नव्हतंच. तरी चाहते बाहेर फोटो काढतात. तुम्हीही कधी गेलात तर जरूर काढा. फक्त बेल वाजवू नका. आत कुणीतरी राहतं.