डोळ्यांतल्या पाण्याला नवी वाट

‘‘आजी, घशात खारट लागलं का?’’ मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी हा प्रश्न विचारला जातो. खालच्या पापणीच्या नाकाकडील टोकाला एक बारीक छिद्र असतं. त्यातून बोथट सुईने सलाईन सोडतात. ते घशात उतरलं, तर अश्रूंचा मार्ग मोकळा. वरच्या पापणीच्या छिद्रातून परत आलं, तेही पुवासकट, तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थांबवून आधी अश्रूपिशवीचा इलाज करतात. तिथले जंतू शस्त्रक्रियेत डोळ्याच्या आत शिरले, तर दृष्टीच जाऊ शकते.

अश्रू पापण्यांच्या छिद्रांतून अश्रूपिशवीत आणि तिथून अश्रूनलिकेवाटे नाकात उतरतात. म्हणूनच रडताना नाक वाहतं आणि डोळ्यांत घातलेल्या औषधाची कडू चव घशात लागते. शेताचा पाट बुजला की पाणी बांधावरून फुटतं, तसं नलिका बंद झाल्यावर पाणी गालावर ओघळतं. पिशवीत साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, चिपडं येतात, नाकाशेजारी सूज येते. यालाच लासरू म्हणतात. चाळिशी-पन्नाशीनंतरच्या स्त्रियांत हा त्रास अधिक दिसतो; त्यांची हाडातली नलिका मुळात अरुंद असते.

माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंत ‘धुळीने होतं’, ‘वय झालं’ म्हणत पदराने डोळे पुसत दिवस काढणाऱ्या बायका कमी नाहीत. पण मोठ्यांची पक्की बंद झालेली नलिका थेंबांनी उघडत नाही. तिथे ‘डीसीआर’ ही शस्त्रक्रिया करतात. बंद नलिका तशीच ठेवून पिशवी आणि नाक यांच्यामधल्या पातळ हाडात खिडकी पाडतात, दोन्हीकडची अस्तरं जोडतात आणि अश्रू थेट नाकात उतरू लागतात. इटलीच्या अदेओ तोती यांनी 1904 मध्ये नाकाशेजारी छेद घेऊन ही पद्धत मांडली. आता नाकातून दुर्बीण घालूनही ती करतात, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. अनुभवी हातांत दहापैकी नऊ रुग्णांना गुण येतो. काहींच्या नव्या वाटेत काही आठवडे सिलिकॉनची बारीक नळी ठेवतात. सुरुवातीचे दिवस नाक जोराने शिंकरायचं नाही, हे पथ्य मात्र कडक. फार वयस्कर रुग्णांत कधी नुसती पिशवीच काढतात; पू थांबतो, पण पाणी वाहत राहतं.

तान्ह्या बाळांचं गणित वेगळं. त्यांच्या नलिकेच्या खालच्या टोकाला पातळ पडदा राहिलेला असतो. डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकाच्या कडेने खाली दाबत मालिश केली, तर बहुतेकांचा तो वर्षभरात उघडतो. नाहीच उघडला, तर भुलीखाली बारीक सळई घालून वाट मोकळी करतात. काजळ, मध किंवा आईचं दूध मात्र डोळ्यात घालू नये.

या उपचारांसाठी पुण्या-मुंबईला जायलाच हवं असं नाही. 1894 मध्ये वॉनलेस रुग्णालय उभं राहिल्यापासून मिरज ही वैद्यकीय नगरीच आहे. तिथे 1962 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि कराडला कृष्णा रुग्णालय. एका डोळ्यातून सतत पाणी येत असेल किंवा नाकाशेजारी दाबल्यावर पू येत असेल, तर मोतीबिंदू पिकण्याची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञांना दाखवा. सूज लाल होऊन ठणकू लागली, ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.